फ्रानेकरच्या वीजखर्चाची मोहीम

सरकारांनीं आज्ञा केली कीं, वीबे होक्स्त्रा यांणीं घरच्या विजेचा खर्च कंपनीकडून कैसा वसूल केला, तें वर्तमान साद्यंत लिहिणें. त्यास, सेवक फ्रानेकर गांवीं त्यांच्या समोरच्या घरांत राहातो, आणि या मुलखीं खिडकीस पडदा ओढणें शिष्टसंमत नाहीं, सबब डोळां देखिलें तेंच लिहिलें. पदरचें तिखटमीठ घातलें नाहीं. घातलें तें चवीपुरतें.

वीबे म्हणजे दूध काढावयाच्या यंत्रांचे सुटे भाग विकणारे, मोठे फिरस्ते. त्यांस कंपनीसरकारांतून विजेची गाडी बहाल जाहली, आणि कौल जाहला कीं गाडी घरींच भरावी, चार्जरच्या मीटरावर चढेल तें सरकार देईल. मग वीबेंनीं दारीं चार्जर उभा केला, आणि हिंवाळाभर बिलें पदरचीं भरिलीं, आणि घरची तिजोरी तळास गेली, आणि मग वसंतीं एकंदर दावा रवाना केला.

दावा आल्या पावलीं परत आला. खजिनदारीण मार्लूसबाई यांचें फर्मान कीं, रविवारीं आपली गाडी पोट भरून उभी, तरी मीटर धांवतो. ऐसियास ती वीज कोण प्याला? खुलासा येईतों छदाम मिळणार नाहीं.

वीबेंनीं कपाळास हात लाविला. पिणारे खासे श्वशुर डाऊवे होते! पत्नी निवर्तल्यापासोन ते दर रविवारीं आपली विजेची गाडी घेऊन कॉफीस येत, आणि येतांच तार लावीत. कॉफीबरोबर एक बिस्किट द्यावें आणि डबा बंद करावा, हा या मुलखाचा शिरस्ता; परंतु विजेच्या डब्यास झांकण नव्हतें.

मग रविवारीं अंगणांत उभयतांची गांठ पडली आणि रण माजलें.

“बाबा, आजपासून तार लावायची नाही. तुमच्यापायी माझे सगळे पैसे अडकलेत!”

“अरे वा! घोटभर वीज काय घेतली, लगेच चोर ठरवलंस? ठेव तुझी वीज तुझ्यापाशी!”

ऐसें बोलोन डाऊवे कॉफी न घेतां कूच करते जाहले, आणि पुढील रविवारीं आले नाहींत. वीबेंनीं तो आपला जय मानिला. मग त्यांचें कुटुंब सीट्स्केबाई कडाडल्या.

“ते काय विजेसाठी येतात? त्यांच्या दारातच चार्जर आहे की! गाडी भरेपर्यंत बसायला मिळतं, म्हणून लावतात. ‘घरी करमत नाही’ असं सांगायची लाज वाटते त्यांना.”

चार्जरचें वर्तमान वीबेंसही ठाऊक होतें. धामधुमींत ध्यानीं राहिलें नाहीं. बहुत खजील जाहले. मग रविवारची सारी वीज दाव्यांतून वजा घालोन आपले माथां घेतली, आणि मार्लूसबाईंस खरें तें लिहिलें, आणि साखरेचा पाव घेऊन जातीनें सासऱ्याकडे वकिलातीस गेले.

“काय रे, बिल आणलंस?”

“नाही हो. रविवारी या. आणि गाडी आणा, सायकल नको.”

“बघतो. मला कामं असतात.”

कामें कसलीं! रविवारीं कॉफी उकळण्याआधीं म्हातारा दारांत.

तोंवर मार्लूसबाईंची मंजुरी आली होती, रक्कम जमा जाहली होती. आणि त्याच रविवारीं, सासऱ्यांनीं तार लावितांच, वीबेंनीं गुपचूप फोनवरून चार्जरचा वेग अगदीं मंद केला. मग दिवस कलला तरी गाडी भरेना.

“तुझा चार्जर अगदीच रद्दी आहे बुवा!” डाऊवे म्हणाले.

“हो ना. बसा अजून,” वीबे म्हणाले, आणि बिस्किटांचा डबा पुन्हा उघडिला.

फ्रानेकरांत कोणास दुसरें बिस्किट मिळाल्याचें आमचे पाहाण्यांत नाहीं. येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. साक्ष समोरची खिडकी.