समईचा उमेदवारी अर्ज

स्थैर्य पक्षाचं निवडणूक चिन्ह असलेल्या समईने सोमवारी आपल्याच पक्षाविरुद्ध नगराध्यक्षपदाचा अर्ज भरला. अर्ज माझ्या टेबलावर आला म्हणून सांगतो, तो बिनचूक होता. मतदार यादीत नाव होतं, वय सत्तर, राहणार पक्ष कार्यालय, सोनवळे. सहीच्या जागी काजळीचा ठसा. सूचक इंदुमती खळदकर, निवृत्त बालवाडीताई आणि पक्षाच्या चाळीस वर्षांच्या कार्यकर्त्या. त्यांनीच समईला पिशवीत घालून रिक्षाने आणलं होतं.

सोनवळ्यात गेल्या दोन निवडणुका बिनविरोध झाल्या होत्या. इंदुमतीबाईंची नात सत्तावीस वर्षांची झाली, पण नगरपंचायतीचं मतदान कसं असतं ते तिला माहीत नव्हतं. बाईंना एवढंच हवं होतं, एकदा मतदान व्हावं.

पक्ष पूर्वी असा नव्हता. जुनी मंडळी रूढी जपायची, घरपट्टी वाढली की कुरकुरायची, आणि हरली की जिंकलेल्याच्या घरी नारळ घेऊन जायची. नवे अध्यक्ष आणि उमेदवार रणजितराव मोहोळकर यांचं म्हणणं वेगळं होतं. गाव एका मनाचं आहे, ज्याचं मन वेगळं तो गावचाच नाही, मग मोजायचं कशाला?

अर्ज मागे घेण्याची मुदत शुक्रवारी तीनपर्यंत. दोनच्या आत समई आणि रणजितराव सोडून बाकीच्या सहाही जणांनी ते मागे घेतले. का, ते विचारणं कारकुनाचं काम नाही, पण मला लाज वाटली. बाहेर गुलालाची पोती उतरली होती.

अडीचला रणजितराव आले. आधी समईला सोन्याचा मुलामा देऊ केला, मग भंगारात घालण्याची भाषा केली.

"घाला," समई म्हणाली. "पण तीननंतर."

मी नियम पाहिला. तीननंतर उमेदवार वितळला तरी नाव मतपत्रिकेवर राहत होतं. तसं मी त्यांना सांगितलं.

रणजितराव नरमले, समईला म्हणाले, "अहो, तुम्ही परंपरा जपणाऱ्या. तुम्हीच विरोधात?"

"जपायलाच आले होते या पक्षात. गाव मत देतं, हीसुद्धा इथली परंपराच आहे."

मग त्यांनी शेजारी बसलेल्या इंदुमतीबाईंकडे वळून त्यांच्या मुलाच्या दुकानाची आस्थेने चौकशी केली.  बाईंनी घड्याळावरची नजर काढली नाही.

तीन वाजले. मी 'मतदान होईल' असं लिहून शिक्का असा हाणला की चहाचे कप हलले. नोकरीत इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. पक्षाचं चिन्ह पक्षाकडेच राहिलं, त्यामुळे समईला शिट्टी मिळाली.

मतदानाला रांग एसटी स्टँडपर्यंत गेली. लोक नवे कपडे घालून आले होते. समई त्रेसष्ट मतांनी निवडून आली, आणि रणजितरावांचाच गुलाल लोकांनी उधळला.

त्या गर्दीत समईने इंदुमतीबाईंना हळूच विचारलं, "मत मलाच दिलंत ना?"

"ते सांगायचं नसतं," बाई म्हणाल्या.

नगराध्यक्षांनी माफी मागितली.