मोहितेकाकांचा भेज

मोहितेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला तळहात लावतात, मग माणसांना नमस्कार करतात. बारसं असो की दहावा, क्रम बदलत नाही. एकदा सयाजीगंजला ओळखीच्यांकडे आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. घरातले आजोबा नुकतेच गेले होते. काकांनी भिंत चाचपली आणि त्यांचा चेहरा असा काही पडला, की आजोबांच्या मुलानं त्यांना मिठीच मारली. आल्यागेल्यांत इतकं मनापासून दुःख दुसऱ्या कुणालाच झालं नव्हतं. रस्त्यावर आल्यावर काका म्हणाले, "भेज फार आहे रे त्यांच्याकडे."

ओलीला आम्ही बडोद्याची मराठी माणसं भेज म्हणतो आणि बुरशीला फूग. गुजरातीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे, शब्द इकडचे तिकडे व्हायचेच. काकांचा तर सगळा संसारच आता या दोन शब्दांत मावतो. रिफायनरीतून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या शेजारच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे जोडघरात, एकटा राहतो. मधली भिंत सामाईक. त्यांच्या घराखाली तळघर आहे, तळघरात एक लोखंडी कपाट आहे आणि कपाटात काकूंच्या सुती साड्या आहेत. काकू मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेल्या. मग दुसरं बाळंतपण आलं, मग पाळणाघर महाग निघालं. "दिवाळीला येतेय ती," काका दर वर्षी सांगतात. "साड्या ठेवून गेली तशा तिला मिळाल्या पाहिजेत."

कुणीही विचारेल, कपाट वर का आणत नाही? माझ्या बायकोनं विचारलंच. वरच्या खोलीत वाळवी लागली म्हणून काकूंनीच जाताना ते खाली हलवलं होतं. वाळवी केव्हाच गेली. "तिनं ठेवलंय," काका म्हणाले. "मी हलवणारा कोण?" पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. हुकूम फिरल्याशिवाय पहारा सोडायचा नाही, एवढीच काय ती वडिलोपार्जित इस्टेट काकांच्या वाट्याला आली आहे.

मग उपाय सुरू झाले. खंडेराव मार्केटातून पोतंभर जाडं मीठ आलं. मीठ ओल पितं म्हणून जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मिठाची थाळी मांडली गेली, आणि कुबट वास जावा म्हणून शेजारी कापलेलं लिंबू. समोरच्या हंसाबेननी ते दारातून पाहिलं.

"काका, आ शुं मांड्युं छे?"

"कंई नथी बेन, भेज काढुं छुं."

हंसाबेनचा काही विश्वास बसला नाही. तेव्हापासून त्या मागच्या रस्त्यानं वळसा घालून देवळात जातात.

पुढं भिंतींना चुना झाला. चुन्यावर वॉटरप्रूफिंगचा जाड थर झाला. भिंतीतलं पाणी बिचारं जाणार कुठं? ते वर चढलं आणि सामाईक भिंतीतून आमच्या दिवाणखान्यात अवतरलं. नव्या रंगाचे पोपडे सुटले. मी तणतणत काकांना घेऊन आलो, तर भिंतीवर हात फिरवत ते आनंदानं म्हणाले, "म्हणजे खाली कमी झाला!"

मी वाघोडियाच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. म्हटलं, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात. "काका, पावसात झरोके बंद ठेवा, बाहेरची हवाच ओली असते. ऊन पडलं की उघडा. आणि कपाट भिंतीपासून हातभर तरी पुढं घ्या."

"बंद खोलीत माणूस कुजतो," ते म्हणाले. "हवा फिरली पाहिजे."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. बाहेर मुसळधार पाऊस, झरोके सताड उघडे, पंखा गरगरतोय आणि काका खाली बसून फडक्यानं फूग पुसतायत. पुसलेली फूग परत येते. काका परत पुसतात. आधी आम्हाला हसू यायचं. आता त्या तळघराच्या दारावरून जाताना मी आत बघायचं टाळतो.

गेल्या श्रावणात काकूंचा फोन माझ्या बायकोला आला. तळघरात रेंज नसते, त्यामुळं काका सापडत नाहीत. "या दिवाळीला नाही गं जमायचं," काकू म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, आता तिकडं येऊन राहणं होईल असं वाटत नाही. इथं साडी नेसतंय कोण? देऊन टाका म्हणावं कुणाला तरी." सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं.

मी खाली उतरलो. दोरीवर साड्या वाळत होत्या, आणि काका पातेल्यातल्या तांदळाच्या पेजेत एक निळी साडी बुचकळत होते. मी कपाळावर हात मारला.

"काका, खळ घालता तुम्ही साड्यांना? दर वर्षी? अहो, खळ म्हणजे बुरशीचं जेवण! एवढं मीठ, एवढा चुना, आणि तुम्हीच तिला वाढताय?"

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "पण मऊ पडलेली साडी ती नेसत नाही."

मी म्हटलं, "काकूंचा फोन होता."

"नाही येत ना?" त्यांनी साडी पिळली. "मला कळलंय रे. परवा व्हिडिओवर तिच्या मागं दिसलं. तिनं तिथं कपाट घेतलंय."

साड्या देऊन टाकायचं मला काही सांगवेना. काकांनी दोरीवरची वाळलेली साडी उतरवली आणि तिचा पदर माझ्या हातात दिला. "धर. खळीची साडी एकट्याला ताणता येत नाही."

"मग इतकी वर्षं?"

"झरोक्याच्या गजाला बांधत होतो."

मी पदर धरला. काका दुसऱ्या टोकाला गेले. "अरे, जोरानं ओढ. ती ओढायची तर मी पुढं खेचला जायचो."

मी जोरानं ओढलं. बुरशीच्या काळ्या ठिपक्यांवरून साडी मधोमध फाटली. फारसा आवाजही झाला नाही.

काकांनी आपल्या हातातला तुकडा बघितला, मग माझ्या हातातला. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून त्यांनी नीट घडी घातली आणि ती कपाटात तिच्या जागी ठेवली. मला रडू आवरेना. काका दोरीवरची दुसरी साडी उतरवत होते.

"ही जरा हळू ओढ," ते म्हणाले.