रिकाम्या पेटीचे शैक्षणिक परिणाम

यंत्रानं शिक्षण सुधारतं हे निर्विवाद सत्य आहे. त्यावर फक्त संशोधन व्हायचं राहिलं होतं. ते आमच्या चांदा जिल्ह्यात १९५७ साली पार पडलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. एखाद्या जिल्ह्याच्या नशिबी साग असतो, एखाद्याच्या नशिबी वाघ. आमच्याकडे दोन्ही होतं, आणि वरून संशोधनही आलं.

समितीचं नाव 'नवयंत्र शिक्षण संशोधन समिती'. अध्यक्ष गुणवंतराव, सहायक चिटणीस मी, आणि पाच सभासद, जे चहाला न चुकता हजर असत. गुणवंतरावांनी शाळा चालताना कधी पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांचं मन या विषयात अगदी कोरं आणि निःपक्षपाती होतं. (पाहिलेली माणसं फार हट्टी असतात, असा आमचा अनुभव आहे.) यंत्र म्हणजे बॅटरीवर चालणारा रेडिओ. दूर शहरात बसलेले विद्वान गृहस्थ त्यातून पाठ देणार, आणि जंगलातली मुलं ऐकून शहाणी होणार, इतकं ते सोपं होतं.

पद्धत शास्त्रीय होती. एका गावाला यंत्र द्यायचं, शेजारच्या गावाला काहीही द्यायचं नाही, आणि वर्षाअखेर फरक मोजायचा. पहिल्याला प्रयोगाचं गाव म्हणतात, दुसऱ्याला तुलनेचं. काहीही न देण्याच्या कामाचा आम्हा मंडळींना दांडगा अनुभव असल्यामुळे तुलनेच्या गावाची व्यवस्था फार लवकर लागली.

गोंडपिपरीच्या पलीकडे जंगलात बेलटोला आणि मोहाटोला अशी दोन गावं होती, मध्ये एक पांदण. धान पेरावं, मोह वेचावा, बांबू तोडावा, असं दोन्हीकडचं जिणं. प्रत्येकी एका खोलीची शाळा. रेडिओ बेलटोल्याला गेला, आणि त्याच्यासोबत नियम गेले. यंत्र ओट्यावर ठेवावं. वर न गळणारं छप्पर असावं. यंत्राला कुलूप असावं, किल्ली यंत्ररक्षकाकडे असावी. यंत्राला कोणी हात लावू नये (विशेषतः मुलांनी). यंत्ररक्षक म्हणून तिथल्या गुरुजींचीच नेमणूक झाली. यंत्राची धूळ पुसण्यात आणि किल्ली सांभाळण्यात त्यांचा दिवस जाऊ लागला, शिकवायला वेळ उरेना. त्याला आमची हरकत नव्हती. शिकवणं आता यंत्राकडे होतं.

मोहाटोल्याला इंदुताई म्हणून बाई होत्या, ब्रह्मपुरीकडच्या. माघातल्या अवकाळी वादळानं त्यांच्या शाळेचं गवती छप्पर उडवून पार शेतात नेऊन टाकलं. गाव लगेच कामाला लागलं. बांबू त्यांचा, गवत त्यांचं, हातही त्यांचेच. पण बाई पडल्या सरळ. आता शाळा प्रयोगात आहे म्हणून त्यांनी समितीची परवानगी मागितली, आणि नको त्या जागी नियम पाळणाऱ्याचं जे होतं ते त्यांचं झालं.

गुणवंतराव म्हणाले, "एका गावाला यंत्र दिलं आणि दुसऱ्याला छप्पर मिळालं, तर फरक कशानं पडला हे कळणार कसं?"

प्रश्न शास्त्रशुद्ध होता. तुलनेचं गाव प्रयोग संपेपर्यंत 'जैसे थे' ठेवावं, असा हुकूम निघाला. गावकऱ्यांनी वळलेले दोर तसेच गुंडाळून ठेवले. छपराविना शाळा मृगापर्यंत चालली असती. पुढे पाऊस लागला की ती आपोआप बंद. आणि बंद पडलेली शाळा परत उघडल्याचं त्या मुलखात कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

फाल्गुनात आम्ही तपासणीला निघालो. गोंडपिपरीपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. बेलटोल्याला पोचलो तर काय सांगू! शाळेची खोली गच्च भरलेली, रेडिओ बोलतोय, आणि इतकी शांतता की गुणवंतरावांचे डोळे भरून आले. जरा वेळानं लक्षात आलं, की शाळेत एकही मूल नाही. पुढच्या रांगेत पटेल, मागे म्हातारे, दाराशी बाया. रेडिओ आगगाडीच्या डब्यांबद्दल सांगत होता.

गावचे पटेल लालसू. त्यांना गुणवंतरावांनी विचारलं, "पटेल, मुलं कुठं आहेत?"

"बाहेर धाडले ना, सायेब," लालसू म्हणाले. "बाहेरचा मोठा मानूस बोलून राह्यला. त्याच्या पुढं लेकरं बसवले, त्यायनं चुळबुळ केली, तं पाहुन्याचा मान काय राह्यला? आमच्या गावात असं नाई होत."

"पण हा पाठ मुलांसाठी आहे!"

"तसं तो एकडावबी म्हनला नाई," लालसू म्हणाले. "मानूस शाना हाये, त्यात सक नाई. पन दुसऱ्याचं आयकतच नाई. पानी घ्या म्हनलं, नाई घेत. आगगाडी काय अस्ते म्हनून इचारलं, तं आपलीच लावून राह्यला. तुमच्याकडचे समदे असेच अस्तेत का, सायेब?"

गुणवंतरावांनी पाणी मागितलं. पाहुणा बोलत असताना उठून जायचं नाही, ही त्या गावची रीत. पाठ संपला की बाजारभाव, बाजारभाव संपले की गायन. पाहुणा थांबतच नाही म्हटल्यावर बिचारी माणसं गुरुजी कुलूप लावीपर्यंत बसून राहत. मोह वेचायच्या दिवसांत! असा श्रोता मुंबईच्या सभांना मिळत नाही.

बाहेर धाडलेली मुलं गेली कुठं याचा शोध घेत आम्ही पांदण ओलांडली, तर ती मोहाटोल्याला. भिंती उभ्या, वर आभाळ, आणि आत दोन्ही गावची मुलं दाटीवाटीनं बसलेली. मी हजेरी काढली. ती पटाच्या शेकडा दोनशे भरली. गुणवंतराव गंभीर झाले.

"तुलनेच्या गावात प्रगती होते आहे," ते मला हळूच म्हणाले. "ही शिस्तभंगाची बाब आहे."

इंदुताई पुढे आल्या. "सायेब, हुकूम मागं घ्या. तीन मयन्यानं पाऊस लागंल. हे लेकरं मी बसवू कुठी? एकडाव शाळा सुटली की हे ढोरामागं जातेत. मंग कोनी परत नाई येत. मले तं रात्री झोप नाई लागत."

सोमारी म्हणून एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या तीन नाती त्या घोळक्यात होत्या. ती म्हणाली, "बेलटोल्याच्या पेटीवर छप्पर हाये. लेकरायवर काऊन नाई?"

अडाणी माणसांवर चिडून उपयोग नसतो. मी तिला शांतपणे समजावलं, "बाई, रेडिओ भिजला तर बिघडतो. मूल भिजलं तर वाळतं."

सोमारीनं जवळच्या नातीच्या डोक्यावर आपला पदर ओढला. तिला ते पटलं असावं. इंदुताईंना तर नक्कीच पटलं, कारण त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"असं अस्ते काय!" त्या म्हणाल्या. "मंग सायेब, आमच्या इथीबी एक पेटी ठेवा. रिकामी दिली तरी चालते."

मला वाटलं, आता अध्यक्ष भडकणार. पण छे! संशोधकाचं मन सामान्य माणसासारखं चालत नाही. गुणवंतरावांनी मांडीवर थाप मारली. "पेटी तीच, पण आवाज नाही! म्हणजे परिणाम आवाजाचा की पेटीचा, हे आता निघेल. बाई, तुम्ही संशोधनात यायला पाहिजे होतं." आणि 'जैसे थे'चा हुकूम त्यांनी बैलगाडीतच फिरवला.

पेटी आली. पेटी आली म्हणजे नियम आले: ओटा, कुलूप, किल्ली, आणि न गळणारं छप्पर. छप्पर पेटीपुरतंच घालावं, असं मी कागदावर आवर्जून लिहिलं होतं. पण बाईंनी पेटी खोलीच्या नेमकी मधोमध ठेवली, त्यामुळे पेटी झाकायची तर खोली झाकावी लागली. नियमापुढे कोणाचं चालतं? गुंडाळलेले दोर निघाले, दोन्ही गावचे गडी चढले. रेडिओ ऐकायला बसलेले बेलटोल्याचे म्हातारेसुद्धा, पाहुण्याची माफी मागून, गवत घेऊन आले. संध्याकाळी सोमारीनं सगळ्यांना भात-वरण वाढलं, मलाही वाढलं. मृग आला, धो धो कोसळला, आणि खोलीत थेंब पडला नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! (पेटीच्या दृष्टीनं म्हणतोय.)

वर्षाअखेर अहवाल झाला. बेलटोल्यात भरलेल्या पेटीपुढे मुलांची हजेरी शून्य. मोहाटोल्यात रिकाम्या पेटीपुढे शेकडा दोनशे. चाचणीतही दोन्ही गावची मुलं मोहाटोल्यात बसली आणि उत्तम उतरली. यावरून समितीनं एकमतानं निष्कर्ष काढला, की शिक्षणात रिकामी पेटी ही भरलेल्या पेटीहून कितीतरी परिणामकारक आहे. तिला बॅटरी लागत नाही, ती बिघडत नाही, आणि कोणी प्रश्न विचारला तर मधेच बोलत नाही. प्रत्येक शाळेला एकेक रिकामी पेटी द्यावी, अशी शिफारस झाली. गावोगावचे अर्ज येऊ लागले. अर्ज करणाऱ्यांत बिनछपराच्या शाळाच फार का, यावर स्वतंत्र संशोधन चालू आहे.

इथं तुम्ही गुणवंतरावांना हसला असाल. हसा बापडे, त्यांना सवय आहे. अहवालात एक गोष्ट मात्र आमच्याकडून राहून गेली, ती तेवढी कबूल करतो. शाळेबाहेर धाडलेली पोरं झाडावर चढायची सोडून, पांदण तुडवत, उन्हात, बिनछपराच्या खोलीत एका बाईसमोर रोज स्वतःहून येऊन बसत होती. बाई त्यांना असं काय शिकवत होत्या, कसं शिकवत होत्या, हे अहवालात कुठंच नाही, कारण समितीपैकी कोणी ते विचारलंच नाही.

तुम्हीही इथवर आलात. पेटीत काय होतं, तिच्यावर छप्पर कसं पडलं, हे तुम्हाला पाठ झालं. बाई काय शिकवत होत्या, हे विचारावंसं तुम्हाला एकदा तरी वाटलं का? नाही ना? मग समितीवर सभासद घेणं चालू आहे. तुम्ही अवश्य या, चहा चांगला असतो.