सात नंबरचं स्थळ

"ओमप्रकाश, आमच्या पोराला बाजारात कामून उभं केलं रे?"

सोनपेठच्या बसस्टँडसमोरच्या आपल्या कंप्युटरच्या दुकानाचं शटर ओमप्रकाशने अजून पुरतं वरही केलं नव्हतं, तोच चुडाव्याहून व्यंकटरावांचा फोन आला.

"कोणत्या बाजारात, काका?"

"बैलाच्या! त्या आसारामच्या वेबसाइटवर सात नंबरला आमचा हरिओम हाय. कोट घालून! गावातली पोरं मोबाइल घेऊन दारात हसायलीत. मी निघालोच तिकडं."

ओमप्रकाशने साइट उघडली. सहा नंबरला खिल्लारी गोऱ्हा होता, आठ नंबरला गीर गाय आणि मधे स्टुडिओतल्या धबधब्यापुढे उभा असलेला हरिओम. ओमप्रकाश मटकन खुर्चीत बसला.

हे कसं झालं ते त्याला बसल्याबसल्याच कळलं. दुकानातल्या एकुलत्या एक जुन्या मशीनवर त्याने लिनक्स टाकलं होतं. व्हिडिओ बघूनबघून तो शिकला होता, की एकाच मशीनच्या पोटात वेबसाइट चालवणारे कंटेनर नावाचे वेगवेगळे सर्व्हर करता येतात. प्रत्येकाला वाटतं, मशीन आपल्या एकट्याचंच आहे. पहिला कंटेनर त्याने आसाराम मामांच्या बैलबाजारासाठी केला. तो झकास चालला. मग मनकर्णा मावशींच्या वधूवर मंडळासाठी दुसरा हवा होता. पुन्हा पहिल्यापासून सगळं कोण मांडणार? म्हणून त्याने पहिल्याचीच नक्कल केली आणि वरचं नाव बदललं. पण फोटोंचा फोल्डर बदलायचा राहून गेला. बैल आणि नवरदेव, दोघांचे फोटो एकाच फोल्डरमधे, एकाच आकड्यांनी जात होते. शेवटी जो फोटो टाकेल, त्याचा त्या नंबरवर ताबा.

एवढ्यात खुद्द आसाराम मामा आले. "ओमप्रकाश, सात नंबरचे दात बघून वय सांगता का म्हून गिऱ्हाईक इचारायलंय. काय सांगू?"

"मामा, सातला बैल न्हाई. माणूस हाय."

मामांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि "आरं तिच्या मायला!" म्हणून खाली बसले.

मागोमाग मनकर्णा मावशी धापा टाकत दारात. "ओम्या, इज्जत गेली माझी! गंगाखेडच्या पाव्हण्यांनी दोन नंबरचा नवरदेव उघडला. खाली लिवलंय 'जिल्हा परिषदेत शिक्षक', आन् वर लाल कंधारी बैल! शिंगाला गोंडे लावलेला!"

"तो आज सकाळी मीच टाकला," मामा म्हणाले. "माझा सगळ्यात नामी बैल हाय तो. त्याला मास्तर कोणी केलं?"

"तुमच्या बैलाचं काय जायलंय, मामा? पोरीची आजी चक्कर येऊन पडली तिकडं!"

"दोघं बी दमानं घ्या," ओमप्रकाश म्हणाला. "दोन मिनटांत दुरुस्त करतो."

पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या. एक कंटेनरच्या आतली, दुसरी खुद्द मशीनची. दिसायला दोन्ही सारख्याच. दुसऱ्या कंटेनरमधले फोटो पुसावेत, तो बंद करून, त्याला वेगळा फोल्डर देऊन पुन्हा चालू करावा आणि मावशींचे फोटो नव्याने चढवावेत, असा त्याचा विचार होता. त्याने फोटो पुसले. मग बंद करायची आज्ञा दिली, ती दुसऱ्याच खिडकीत. पंखा घरघरायचा थांबला. पडदा काळा पडला. कंटेनरऐवजी आख्खं मशीनच झोपलं.

"काय झालं रे?" मावशींनी विचारलं.

ओमप्रकाशने वाकून मशीनचं बटण दाबलं. मशीन परत चालू झालं, तेव्हा दोन्ही कंटेनर ठणठणीत उठले. फोटोंचा फोल्डर मात्र रिकामा होता. फोल्डर दोघांचा होता, हे पुसताना ओमप्रकाश पुन्हा विसरला होता. बॅकअप कसा घ्यायचा, हा धडा पुढच्या व्हिडिओत होता.

"म्हंजी आता बैल बी न्हाईत आन् नवरदेव बी न्हाईत?" मामांनी विचारलं.

"न्हाईत."



दुपारी व्यंकटरावांची जीप दुकानापुढे थांबली. पुढे व्यंकटराव, मागे त्यांच्या पत्नी तानुबाई आणि त्यांच्यामागे हरिओम. सकाळी चुडाव्याच्या पोरांनी त्याची अशी काही थट्टा केली होती, की तो अजूनही तोंड उघडं ठेवूनच उतरला. व्यंकटराव ओमप्रकाशची गचांडी धरणार, तेवढ्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आत आले.

"आमी राणीसावरगावचे. मी नागनाथ, ही माझी लेक अपेक्षा. बैल बघायला बाजारला आलो होतो, तिथून ह्या दुकानात धाडलं. सात नंबर..."

"मामांचा बैल बाजारातच बांधलाय," ओमप्रकाश घाईने म्हणाला.

"बैल न्हाई," नागनाथराव अवघडून म्हणाले. "पोरीला सात नंबरच बघायचाय."

 अपेक्षाने मोबाइल काढला. फोटो पुसले जाण्याआधीच तिने सात नंबरचं पान जसंच्या तसं टिपून ठेवलं होतं. ती वाचू लागली :

"'अंगानं सडपातळ, पण कामाला चिवट. लहान लेकरानं दावं धरलं तरी मुकाट चालतो. कुणावर धावून जात न्हाई. ऐब एकच : एकटं बांधलं तर चारा खात न्हाई.'"

"आगं, ते बैलाचं हाय!" मावशी ओरडल्या.

"आतापर्यंत मी वीसेक बायोडाटे वाचले, मावशी. सगळे निर्व्यसनी, सगळे सुस्वभावी. ऐब कोणीच लिवत न्हाई." तिने हरिओमजवळ उभ्या तानुबाईंकडे पाहिलं. "ह्यातलं किती खरं हाय, काकू?"

तानुबाई पदर सावरत म्हणाल्या, "धावून जात न्हाई, हे खरं. आन् एकटं जेवत न्हाई, ते तर लयच खरं. होस्टेलवर अर्धा झालता की वाळून."

व्यंकटरावांचा ओमप्रकाशच्या कॉलरकडे निघालेला हात हळूच स्वतःच्या टोपीकडे वळला. "बसा की, नागनाथराव," ते म्हणाले. "ओमप्रकाश, बघतो काय? चहा सांग."

चहा येईपर्यंत मनकर्णा मावशींनी आसाराम मामांना दारापाशी बाजूला घेतलं. "मामा, आजपासून माझे बायोडाटे तुमीच लिवत जा."

"लिवतो की," मामा म्हणाले. "पण आमच्यात दात बघितल्याबिगर लिवीत न्हाईत."

सकाळपासून आ वासून असलेल्या हरिओमने पटकन तोंड मिटलं.