स्नाननिरपेक्ष मासळी

देशाची दारं जगासाठी उघडली, तेव्हा आत येणारा पाहुणा जेवणार काय, ही काळजी सरकारला लागली. तिच्यातून १९९५ साली तंजावूरच्या एका कचेरीत परिपत्रक येऊन पडलं. किनाऱ्यावरच्या शिफारसयोग्य मासळी-खाणावळींची यादी तीन महिन्यांत सादर करावी. अ दर्जाच्या खाणावळीस निळा फलक द्यावा. आणि येत्या पोंगलपासून प्रवासी बसगाड्यांनी निळ्या फलकापुढेच थांबावं.

कचेरीत मासळीतलं कळणारा माणूस एकच होता, कारकून राजगोपाल. म्हणून त्याचं नाव सगळ्यांत आधी कापलं गेलं. निरीक्षकाला तपासणीच्या वस्तूत वैयक्तिक रस असू नये असा नियम आहे, आणि राजगोपालचा रस रोज दुपारी डबा उघडला की साहेबांच्या खोलीपर्यंत पोचत असे. मग निःपक्षपाती माणूस शोधता शोधता साहेबांची नजर बाळकृष्णरावांवर येऊन थांबली. बाळकृष्णरावांचे पूर्वज मराठा राजांच्या मागोमाग तंजावुरात आले, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात कुणी माशाला बोटही लावलेलं नव्हतं. इतका कोरा अधिकारी सबंध जिल्ह्यात दुसरा नव्हता.

पहिली तपासणी मल्लिपट्टिणमच्या कनकलताबाईंची. झावळ्यांचं छप्पर, चार बाकं आणि बाहेर रस्त्यापर्यंत रांग. नवरा गेल्यापासून बाई त्याच चुलीवर दोन मुलींना शिकवत होत्या. बाळकृष्णराव नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले. आत माणसं मान खाली घालून जेवत होती, पानावर बोट फिरवून रस्सा चाटत होती. इतक्या समाधानानं जेवणारी माणसं त्यांनी आपल्या घरच्या लग्नातही पाहिली नव्हती. हीच ती, असं त्यांना मनोमन वाटलं. पण तक्त्यात ‘मनोमन’ असा रकाना नव्हता.

घरी पोचले तर त्यांच्या पत्नी चंद्रमतीबाईंनी पुढचं दार आतून लावून घेतलेलं.

‘‘आंत येऊं नका. मागल्या दारीं पाणी ठेवलंय, न्हाऊन मग या. सदरा परसांतच टाका.’’

‘‘न्हातों की. पण शिफारस कुणाची लिहूं, तें तरी सांग. मला त्यांतलं काय कळतंय?’’

दाराआडून बाई म्हणाल्या, ‘‘जिथनं येऊन न्हावं लागत नाहीं, त्याची लिहा. सोपं आहे.’’

डोक्यावर पहिला तांब्या ओतताना बाळकृष्णरावांना त्या वाक्यातली प्रशासकीय ताकद कळली. चव मोजता येत नाही, ताजेपणा मोजता येत नाही. आंघोळ मोजता येते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दर्जानिश्चितीचे निकष कागदावर उतरवले. निरीक्षकास घरी परतल्यावर स्नान अनावश्यक असल्यास अ. हातपाय धुणे पुरेसे असल्यास ब. सचैल स्नान, म्हणजे अंगावरच्या कपड्यांसकट, करावे लागल्यास क. साहेबांना हे फार आवडलं. इतका वस्तुनिष्ठ निकष वरच्या कचेरीलाही सुचला नसता, असं म्हणून त्यांनी सही केली.

पहिला अ दर्जा तुळजाराम यांच्या नव्या हॉटेलला मिळाला. तपासणीच्या दिवशी तिथे रंगकाम चालू होतं आणि चूल अजून बसायची होती. कनकलताबाईंना क मिळाला, शेऱ्यासह: ‘आवारात मासळीचे अस्तित्व जाणवते.’

बाई तो कागद घेऊन दोन बस बदलून कचेरीत आल्या.

‘‘सार, मासळीच्या खाणावळीत मासळीचाच वास येणार.’’

‘‘तेच नमूद केलं आहे, अम्मा.’’

‘‘पोंगलनंतर बस माझ्या दारात थांबणार नाही. मुलींची फी मी कशातून भरू?’’

बाळकृष्णरावांना लाज वाटली. पण दर्जा लाजेवर बदलता येत नाही. ते हळूच म्हणाले, ‘‘फेरतपासणीचा अर्ज करा. आणि त्या दिवशी... तेवढी आंघोळ वाचवा माझी.’’

बाई हुशार होत्या. फेरतपासणीला बाळकृष्णराव गेले तेव्हा पानावर सुरणाचे जाड काप होते. सुरमईच्या आकारात कापलेले, मिरची-धण्याचा तोच मसाला लावून तव्यावर खरपूस परतलेले. काटा नाही, खवलं नाही, वास नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाळकृष्णराव मासळीच्या खाणावळीत पोटभर जेवले. संध्याकाळी चंद्रमतीबाईंनी त्यांचा सदरा हुंगून पाहिला आणि पुढचं दार उघडलं. निळा फलक आठवडाभरात लागला.

खरी मासळी बंद झाली नव्हती. ती मागच्या शेडमध्ये गेली. तिथं बसचे ड्रायव्हर, कंडक्टर आणि कोळी जेवत, निम्म्या पैशांत. पुढे फलकाखाली प्रवासी सुरण खात. आसपासच्या खाणावळींनी हे पाहिलं आणि वर्षभरात त्या किनाऱ्यावर अ दर्जाच्या अकरा खाणावळी झाल्या. सुरणाचा भाव तेवढा वाढला.

एके दिवशी मुंबईहून सहलीची बस आली. सरफोजी राजांचा मनोरा बघून झाला होता, आणि मंडळींना मासे खायचे होते. वाट दाखवायला कचेरीनं बाळकृष्णरावांना सोबत दिलं होतं. दिवसभर आपली भाषा कानावर पडत होती. त्यांना भरून आलं. आपल्या माणसांना तरी फसवू नये, असं त्यांना वाटलं. कनकलताबाईंच्या दारात त्यांनी मंडळींना थांबवलं.

‘‘पुढें बसूं नका. मागल्या आंगास शेड आहे, तिथं जावा. खरा मासा तिथंच मिळतो.’’

मंडळींनी मागे डोकावून पाहिलं. तळणीचा दरवळ येत होता. त्यांचाच ड्रायव्हर बाकावर बसून डोळे मिटून खात होता.

‘‘तिथे बोर्ड आहे का?’’ मंडळींचे पुढारी म्हणाले.

‘‘नाहीं.’’

‘‘मग नको. परक्या ठिकाणी उगाच कशाला रिस्क? आणि तिकडे वास पण येतोय.’’

सगळे पुढे बसले. वाफाळते काप आले. पुढाऱ्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘इतका फ्रेश मासा आपल्याकडे मिळत नाही हं. काटा म्हणून नाही.’’ दुसरे एकजण पहिलाच घास घेऊन म्हणाले की ही खास इथल्या समुद्रातली जात दिसते. शेवटी अभिप्रायवही फिरली आणि प्रत्येकानं भरभरून लिहिलं. गल्ल्यावर बसलेल्या कनकलताबाई बाळकृष्णरावांकडे बघत होत्या. हसत नव्हत्या.

ती वही अजून गल्ल्याशेजारी दोरीनं बांधलेली आहे. बाळकृष्णराव घरी मराठी बोलतात, पण शाळा तमिळमध्ये झाल्यामुळे त्यांना देवनागरी नीट वाचता येत नाही, त्यामुळे आत काय काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नाही. ते नुसत्या सह्या बघून फलकाची मुदत वाढवतात. आपण त्या बाजूला कधी गेला असाल, तर एक सही आपलीही असेल. काटा लागला होता का, तेवढं आठवून पाहा.