अकरावी सुई

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी गेलो म्हणून मला लिहिता येतं असंही नाही. सिंधूअक्कांबद्दल लिहायचा खरा अधिकार माझ्या आईचा. ती त्यांच्या शेजारी बसून चार वर्षं गोधड्या शिवते आहे. पण तिला विचारलं तर म्हणाली, "चूक तुझी, मग लिहायचंही तूच." म्हणून हे लिहितो आहे. कुठं कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

सिंधूअक्का गोधडीला 'पेशंट' म्हणतात. गमतीनं नाही, अगदी मनापासून. धुळ्यात आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी अकरा बायका गोधड्या शिवायला जमतात. सतरंजीवर जुन्या साड्यांचे थर अंथरून झाले की अक्का कमरेवर हात ठेवून विचारतात, "पेशंट तयार आहे?" आणि सगळ्यांना हात धुवायला पाठवतात. तेही कोपरापर्यंत, साबणानं. ज्या बाईनं नुसतं पाणी लावलं असेल तिला परत पाठवतात.

त्या तीस वर्षं एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थेटरच्या मावशी होत्या. डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद पडला, आणि अक्का आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायला आल्या. पण थेटर काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. आमच्याकडे मारवाडी गल्लीतल्या कांताबाई येतात. त्यांचं कापडाचं दुकान आहे, उरलेल्या चिंध्या त्याच आणतात. एकदा अक्कांनी त्यांना तिसऱ्यांदा हात धुवायला पाठवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो अक्का, गोधडी आहे ही, अपेंडिक्स नाही!"

"अपेंडिक्स परवडलं," अक्का म्हणाल्या. "ते एकदाच काढायचं असतं. गोधडीवर माणूस रोज झोपतो."

अक्कांचं खरं वेड म्हणजे सुया. त्यांच्याकडे स्टीलची एक चपटी डबी आहे, पूर्वी इंजेक्शनं उकळायला वापरायचे तसली. तिच्यात अकरा सुया. बसताना प्रत्येकीला एक, उठताना प्रत्येकीकडून एक. मध्ये कोणी पाणी प्यायला जरी उठली तरी सुई अक्कांच्या हातात देऊन जायचं. शिवण संपत आलं की गोधडीचा एक कोपरा उघडा ठेवायचा, सुया मोजायच्या, आणि मगच तो बंद करायचा. "मोजल्याशिवाय पोट शिवायचं नाही," हे त्यांचं वाक्य. थेटरात तसंच असतं म्हणे. कात्र्या, सुया, कापसाचे बोळे, सगळं मोजून झाल्याशिवाय डॉक्टरसुद्धा शेवटचा टाका घालत नाहीत.

सुट्टीत मी घरी असलो की त्यांनी मला वहीत लिहायचं काम दिलेलं. तारीख, सुया दिल्या, सुया परत. "कॉलेजवाला आहेस, अक्षर बरं असेल," असं म्हणाल्या होत्या. माझं अक्षर बरं नाही, पण मी लिहायचो.

आता हे सांगायला हवं की मोजणी कधी सरळ होत नसे. महिन्यातून तीनदा तरी एक सुई कमी भरायची. अक्का दहापर्यंत मोजायच्या आणि थांबायच्या. एरवी त्या दवाखान्यातली शुद्ध मराठी बोलतात, पण अशा वेळी त्यांच्या तोंडून एकदम अहिराणी यायची. "एक सुई कमी शे. कोनी उठानं नही!"

की बायका परत खाली. सतरंज्या झटकायच्या, पदर झटकायचे, चिंध्यांचं गाठोडं उलटं करायचं. फुटक्या स्पीकरचं एक मोठं लोहचुंबक अक्कांनी फडक्यात बांधून ठेवलं आहे. ते दोरीनं ओढत त्या हॉलभर फिरायच्या. शिंदखेड्याला एका कॉलेजात त्यांना गोधडी शिकवायला बोलावलं होतं, तिथंही हेच झालं. समारोपाचे पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि अक्कांची मोजणी दहावर अडली. मुली जागच्या जागी बसून राहिल्या. अक्कांनी पाहुण्यांच्या शालीवरसुद्धा चुंबक फिरवलं. ते साहेबांच्या पट्ट्याच्या बकलाला असं चिकटलं की दोन शिपायांनी ओढून काढलं. साहेब नंतर जेमतेम दोन मिनिटं बोलले.

आणि अर्ध्या-पाऊण तासानं सुई सापडायचीच. नेहमी अक्कांनाच. "ही बघा, इथं सतरंजीखाली!" तोवर कोणीतरी चहा टाकलेला असायचा, कोणाच्या सुनेचा विषय निघालेला असायचा, आणि चार वाजता उठणाऱ्या बायका साडेपाचला उठायच्या.

एकदा मी चिडून आईला म्हणालो, "या बाईला मोजता येत नाही का?"

आई हसली. "तुला अजून कळलं नाही? सुई तिच्या अंबाड्यात असते. तीच खोचते."

"मग तुम्ही सांगत का नाही?"

"काय सांगायचं? घरी जाऊन तिला काय आहे मोजायला?" आई म्हणाली. "आणि हे कोणापुढं बोलू नकोस. कांताबाईंना माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. आम्ही शोधतो. अर्ध्या तासानं कोणाचं काय बिघडतं?"

मलाही ते बरं वाटलं. पुढच्या रविवारी सगळ्यांबरोबर मीही सतरंजी झटकली.

आता त्या रविवारचं.

माझ्या ताईचं सासर साक्रीच्या पुढं डोंगरात आहे. बाळंतपण आमच्याकडे झालं आणि तीन महिन्यांची पोर घेऊन ती परत गेली. तिच्या पोरीसाठी सगळ्यांनी मिळून छोटी गोधडी शिवायला घेतली होती. आत कांताबाईंचं मलमल, वर आईची पिवळी साडी, चारी बाजूंनी लाल दोरा. आईचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून गोधडी पोचवायचं काम माझ्याकडे. दुपारी साडेचारची साक्रीची बस, रात्री ताईकडे मुक्काम, आणि पहाटेच्या जीपनं निघून थेट जळगाव. तिथं मी हॉस्टेलवर राहतो. दुसऱ्या दिवशी दोन वाजता माझा पेपर होता.

चार वाजायला आले तरी शेवटचा कोपरा व्हायचा होता. मी घड्याळाकडे बघत होतो. घाईघाईत कोणीतरी तो बंद केला, मोजणीच्या आधीच. कोणी केला ते आजवर कोणी कबूल केलेलं नाही. मग अक्का मोजायला लागल्या. आठ, नऊ, दहा.

"एक सुई कमी शे," अक्का म्हणाल्या.

बायका हसायला लागल्या. कांताबाई म्हणाल्या, "अक्का, आज तरी पोराला जाऊ द्या. त्याची बस आहे."

"कोनी उठानं नही," अक्का म्हणाल्या. आवाज जरा बारीक वाटला, पण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. त्या हॉलच्या पलीकडच्या टोकाला जाऊन सतरंज्या उचलायला लागल्या. मी आईकडे पाहिलं. आईनं स्वतःच्या अंबाड्याला बोट लावलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, जा. मी गोधडी पिशवीत घातली. वही उघडली, 'सुया परत' या रकान्यात अकरा लिहिलं, आणि पाय न वाजवता निघालो.

बस स्टँडमधून बाहेर पडत होती तेव्हा खिडकीतून मला अक्का दिसल्या. फाटकातून पळत येत होत्या. साठीच्या पुढची बाई, एका हातात फडक्यात बांधलेलं चुंबक, दुसरा हात वर करून हलवत होत्या. मला वाटलं, निरोप द्यायला आल्या. मीही हात हलवला. हसून हलवला.



ताईच्या गावाला रेंज नाही. फोन करायचा तर गावामागच्या टेकडीवर जावं लागतं. त्या दिवशी लाइटही नव्हती, माझा फोन पोचण्याआधीच बंद पडला. ताईनं गोधडी दिवसाच्या शेवटच्या उजेडात उलगडून पाहिली, गालाला लावली, आणि पोरीला तिच्यावर झोपवलं. पहाटे मी निघालो तेव्हाही ती त्याच गोधडीवर होती, मुठी आवळून.

जळगावला हॉस्टेलवर पोचून फोन चार्जिंगला लावला तेव्हा साडेअकरा झाले होते. तो चालू झाला आणि एकामागून एक मेसेज वाजत राहिले. सतरा मिस कॉल. चौदा अक्कांचे, तीन आईचे. मी आईला लावला.

"दीपक," आई म्हणाली, "ताईशी बोलणं होतंय का तुझं?"

"तिथं रेंज कुठं आहे? काय झालं?"

आईनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत देतो.

"काल संध्याकाळपासून अक्का एकच सांगत होती, सुई खरंच गेली म्हणून. आम्ही हो हो केलं. मी तर म्हटलं, अक्का, सापडेल उद्या, जेवून घ्या. आज सकाळी सात वाजता दारात उभी. केस मोकळे, सगळे पांढरे. मला आधी ओळखूच आली नाही. म्हणाली, 'बाई, बघ. हात लावी बघ. रोजनी सुई मना अंबाडामा ऱ्हास. मीच खोचस. काल मी खोचीच नही. लेकरूनी गोधडी व्हती ना.' आणि खाली बसली. माझ्या पायाशी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तिला म्हटलं नाही की आम्हाला माहीत होतं," आई म्हणाली. "कसं म्हणू? आम्हाला माहीत होतं म्हणून तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मीच तुला जा म्हटलं रे."

"अक्का कुठं आहेत आता?"

"ताईचं गाव विचारलं आणि निघाली. केस बांधायलाही थांबली नाही. चुंबक घेऊन गेली आहे. साक्रीच्या पुढं कधी गेलेली नाही ती. दाजींना लाव तू."

दाजी नरडाण्याला एमआयडीसीत कामाला आहेत. तिथं फोन गेटवर जमा करावा लागतो, पाळी सुटल्यावर मिळतो. तरी मी लावला. वाजत राहिला. ताईला लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. अक्कांना लावला, त्याही बाहेर. मग पुन्हा पहिल्यापासून तिघांना.

परत जावं असं मनात आलं. जळगावहून धुळं, धुळ्याहून साक्री, पुढं जीप. पोचेपर्यंत संध्याकाळ, अक्का त्याच्या कितीतरी आधी पोचलेल्या असणार. हे मला कळत होतं. तरी मी पिशवी भरली आणि पुन्हा रिकामी केली.

दोन वाजता पेपरला बसलो. फोन बाहेर टेबलावर. पेपरात काय होतं ते विचारू नका. मला सारखी ती पोर दिसत होती. तीन महिन्यांची पोर कूस बदलत नाही, पण पाय मारते. गोधडीचा कोणता कोपरा शेवटी बंद झाला तेही मला आठवत नव्हतं. डोक्याकडचा असला तर? उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिला तो चुकला. पर्यवेक्षकांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "सर, मोजण्यात चूक झाली." ते माझ्याकडे बघत राहिले.

पाच वाजता बाहेर आलो. फोनवर काही नव्हतं. मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. बरोबरची मुलं चहाला गेली. मला एक गोष्ट राहून राहून वाटत होती. वहीत मी अकरा लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं. पण त्याआधीही किती रविवार मी अकरा लिहिलं होतं, अर्धा तास सगळ्यांनी सुई शोधण्याचं नाटक केल्यानंतर. तेव्हा आम्ही त्या बाईला जपतोय असं वाटायचं. आणि जेव्हा ती खरं सांगत होती तेव्हा तिचं ऐकायला आमच्यातलं कोणीच नव्हतं.

सहाला दहा कमी असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे वाऱ्याचा आवाज, आणि ताई.

"दीपक, ऐकू येतंय का? मी टेकडीवर आहे. यांच्या काकांचा फोन आहे."

"पोर कशी आहे?"

"बरी आहे. काही झालेलं नाही. सुई सापडली. पायाकडच्या कोपऱ्यात होती, लाल दोऱ्यासकट. पोरीचा पाय तिथपर्यंत पोचतच नाही अजून."

मी पायरीवरून उठलो, पुन्हा बसलो. ताईच बोलत राहिली.

"अरे, पण अक्का म्हणजे काय बाई आहे! दुपारी जीपमधून उतरली, केस असे मोकळे, गावातली पोरं घाबरली. घरात आली ती सरळ हात धुवायला गेली, कोपरापर्यंत. मग पोरीला उचलून माझ्याकडे दिली आणि गोधडीवर चुंबक फिरवलं. सुई चिकटल्यावर ती धरून भिंतीला टेकून बसली आणि रडली रे. मग सासूबाईंना सगळं सांगितलं. सुईचं, अंबाड्याचं, सगळं."

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. भाकरी वाढली तिला. पाच वाजता ती जायला निघाली. शेवटची जीप होती. पिशवी उचलली, चप्पल घातली. तर सासूबाई दारात आडव्या उभ्या. म्हणाल्या, 'बाई, मनी बी एक सुई कमी शे. सापडस नही तव्हलोंग कोनी जानं नही.'"

"खरंच हरवली?"

"अरे, त्यांना मोतीबिंदू आहे. दहा वर्षांत त्यांनी सुईला हात लावलेला नाही."

"मग? अक्का काय म्हणाल्या?"

वारा जोरात आला, तिचे दोन शब्द गेले. मग नीट ऐकू आलं.

"...पिशवी खाली ठेवली. आता दोघी सतरंजी झटकतायत."