रविवारी मरे तिला कोण विचारे

“जिथे पोलिसांची बुद्धी संपते, तिथे बद्रीनाथ गोळविलकरची सुरू होते. नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची आणि संयम मगरीचा!”

नवीन माणूस भेटला की आमचे हे स्वतःची ओळख अशी करून देतात. लोकांना प्राणी बघायचे तर कात्रजला तिकीट काढून जावं लागतं. मी गेली कित्येक वर्षं त्यांच्यासाठी पोळ्या लाटतेय. आणि पोलिसांची बुद्धी अजून संपलेली नसल्यामुळे यांच्याकडे काम तसं बेताचंच येतं.

मी रुपाली. घरात यांची बायको, तपासाला निघालो की ‘सहायक’. सहायकाने डबा, पाण्याची बाटली, यांचा चष्मा आणि यांची अब्रू सांभाळायची असते. पहिल्या तीन गोष्टी मी आजवर हरवलेल्या नाहीत.

हे विमा कंपनीत होते. धडकलेल्या गाड्यांचे पोचे तपासायचे. जन्मभर पोचे बघितले, पण पोच काही आली नाही, असं माझी आई म्हणते. मी म्हणत नाही, नुसतं सांगते. स्वेच्छानिवृत्तीनंतर यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं चोरीला गेलेलं झाकण शोधलं. ते टाकीत पडलं होतं. यांचा पाय त्याला लागला, कारण तोवर हेही टाकीत पडले होते. तेव्हापासून यांची कीर्ती वरच्या मजल्यापर्यंत पोचली आणि एका संध्याकाळी तिथली उत्कर्षा आमच्याकडे आली. ही हिंजवडीला आयटीत आहे.

“काका, आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी दर वेळी मरते.”

हे ताठ बसले. “दर वेळी?”

“हो. दर महिन्याला.”

“एकच मुलगी?”

“एकच. निकिता.”

“खुनी भलताच चिवट दिसतोय,” हे म्हणाले. मला तर मुलगीच चिवट वाटली.

मग उत्कर्षाने नीट सांगितलं. त्यांचा एक खेळ आहे, लार्प म्हणतात त्याला. नाटकासारखा, पण संवाद लिहिलेले नाहीत आणि प्रेक्षकही नाहीत. महिन्यातून एका रविवारी सगळे जमतात, कोणी राजा होतो, कोणी प्रधान, कोणी कोतवाल, आणि दिवसभर तसंच वागतात, बोलतात, कारस्थानं करतात. आमच्या लहानपणी ज्याच्यावर राज्य यायचं तो रडायचा. इथे राज्य यावं म्हणून लोक वर्गणी भरतात. दर खेळाची सुरुवात राजवाड्यात सापडलेल्या एका प्रेताने होते, आणि ते प्रेत दर वेळी निकिता असते.

“परवा प्रज्ञेशने ग्रुपवर लिहिलं, ‘आपल्या राज्यात मरणार कोण हे आधीच ठरलेलं असतं का?’ तोही दर वेळी कैदी असतो. आणि निकिता म्हणतेय, हा रविवार शेवटचा, नंतर येणार नाही.” उत्कर्षाने मोबाइल पालथा ठेवला. “मी सूत्रधार आहे, काका. मी कधीच पक्षपात केला नाही. नियम सगळ्यांना एकच आहे. हा ग्रुप मी सगळ्यांसाठी काढला होता हो.”

“काळजी करू नकोस,” हे म्हणाले. “रविवारी खुनी तुझ्या हातात देतो.”

खेळ नेहमीसारखा वारज्याच्या पुढे, पुण्याच्या पश्चिम टोकाला, एका लग्नाच्या लॉन्सवर होता. मुहूर्त नसले की ते स्वस्तात मिळतं. आम्हाला जायला उशीर झाला, कारण गुप्तहेराने कुठली टोपी घालावी यावर घरात मतभेद होते. पोचलो तेव्हा खेळ सुरू झाला होता आणि निकिता मेलीही होती.

स्टेजवर थर्मोकोलचं ‘शुभविवाह’ होतं. त्यातलं ‘शुभ’ गळून पडलं होतं आणि उरलेल्या ‘विवाह’खाली, नवरानवरीच्या लाल सोफ्यावर, केयूर नावाचा उंच मुलगा राजा म्हणून बसला होता. हा कोथरूडचा. खाली सतरंजीवर पांढऱ्या टेबलक्लॉथखाली प्रेत झोपलं होतं.

यांनी भिंग काढलं. “रुपाली, बघ! कापडावर पिवळा डाग. विष!”

“वरण आहे,” मी म्हटलं. “कुठल्या तरी पंगतीतलं.”

“वरणातून विष,” हे म्हणाले. आमच्याकडे पुरावा बदलला तरी निष्कर्ष बदलत नाही.

मग हे राजाकडे वळले. “महाराज, दर वेळी आपणच राजा कसे?”

केयूरने जरा विचार केला. “मला शोभतं म्हणून असेल.”

“निकिताशी काही वैर?”

“नाही हो. मी तिच्याशी कधी बोललोच नाहीये. ती मेलेली असते ना.”

यावर यांनी माझ्याकडे सूचकपणे बघितलं. काय सुचवलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

कैद्याची चौकशी खुर्च्या ठेवायच्या खोलीत झाली. प्रज्ञेश येरवड्याचा, तिथल्याच एका शाळेत गणित शिकवतो. रविवारी सकाळी आईला विहारात वंदनेला सोडतो आणि मग इकडे येतो. त्याचे हात सुतळीने सैलसर बांधले होते आणि तो वह्या तपासत होता.

“राहणार येरवडा,” हे डोळे बारीक करून म्हणाले. “आणि दर वेळी कैदी. हा योगायोग?”

“काका, येरवड्यात तुरुंगाबाहेरही माणसं राहतात,” प्रज्ञेश म्हणाला. “बरीच.”

तिथून बाहेर आल्यावर हे एकदम थबकले. कागदी रुमालावर पुण्याचा नकाशा काढला आणि आनंदाने थरथरायला लागले.

“सापडलं! राजा कोथरूडचा. प्रधान कर्वेनगरचा. कैदी येरवड्याचा. प्रेत लोणी काळभोरचं. रुपाली, पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं तसा माणसाचा दर्जा उतरत जातो, आणि हडपसरच्या पुढे कोणी जगूच शकत नाही!”

मला क्षणभर वाटलं, या माणसाला खरंच काहीतरी सापडलंय.

“म्हणजे काय, ते आलं लक्षात?” हे म्हणाले. “वास्तुदोष!”

मी सतरंजीपाशी जाऊन बसले. पंखा तेवढा तिथेच होता. डब्यातला चिवडा काढला, तर टेबलक्लॉथखालून आवाज आला, “काकू, पाणी हाय का?”

मी बाटली आत सरकवली. नंतर चिवडाही सरकवला. प्रेताला भूक बरी होती.

“काय गं, तू दर वेळी मरतेस कशी?” मी हळूच विचारलं.

“उशिरा येते म्हणून.”

“म्हणजे?”

“तिथं टेबलावर चिठ्ठ्या मांडलेल्या असतात, राजा, प्रधान असं लिहून. जो आधी येईल त्यानं आधी उचलायची. मी लोणीवरून हडपसरला येते, तिथनं दुसरी बस. पोचते तवर एकच चिठ्ठी उरलेली असती.” तिने एक शेंगदाणा चावला. “प्रज्ञेशसर माझ्या जरा आधी येतात. म्हणून कैदी.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“अगं मग सांगितलं का नाहीस?”

“कधी सांगू? आले की मरते. मेलेल्यानं बोलायचं नाय, असा नियम हाय. संध्याकाळी खेळ संपला की सगळे गोल करून बसतात, काय आवडलं, काय नाय ते सांगायला. तवा मी बस धरायला पळते.” थोडा वेळ कापड नुसतंच वरखाली झालं. “मी सेनापतीचा अंगरखा शिवलाय, काकू. दर वेळी पिशवीतनं आणते आनि तसाच घेऊन जाते. आज आईनं विचारलं, कशाला नेतीस गं? म्हणून म्हटलं, आता बास.”

रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. इथे रडणं राहू दे, कोणी साधं विचारलंही नव्हतं. आमच्या घारीनेसुद्धा भिंग लावून तिच्या अंगावरचं वरण बघितलं, ती बघितली नाही.

मी उठून यांना सांगायला निघणार, इतक्यात टाळ्या वाजल्या. यांनी सगळ्यांना स्टेजसमोर गोळा केलं होतं. राजाला सोफ्यावरून उठवून हे स्वतः सोफ्यासमोर उभे होते.

“अहो, जरा ऐका,” मी म्हटलं.

“सहायकाने मध्ये बोलू नये. मित्रहो! खुनी आपल्यातच आहे. तो गणिती डोक्याचा आहे. त्याने आपल्यावर संशय येऊ नये म्हणून स्वतःच ग्रुपवर संदेश टाकला. तुरुंगाची त्याला सवय आहे, कारण तो तुरुंगाच्या शेजारी वाढला. आणा त्या प्रज्ञेशला!”

प्रज्ञेशला आणलं. काहीजण हसले, पण तो हसला नाही. सुतळी बांधलेल्या हातांनी तो नुसता उभा राहिला, आणि हसणारेही हळूहळू गप्प झाले. उत्कर्षाचा चेहरा पडला. यांना थांबवायचं कसं?

ते काम प्रेताने केलं. टेबलक्लॉथ बाजूला फेकून निकिता उठून बसली. प्रधान ओरडला. कोतवाल दोन पावलं मागे सरकून मठ्ठ्याच्या पिंपाला धडकला.

“प्रेताने मध्ये बोलू नये!” हे दचकून म्हणाले.

“बोलनार!” निकिता म्हणाली. “सरांनी काय केलंय? माझ्यासाठीच लिहिलं त्यांनी ते. मला कोणी मारत नाय. मी बसनं येते, म्हणून मरते!” आणि मला सांगितलं ते सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. केसात चिवड्याचा कढीपत्ता अडकला होता, पण कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

“मग एक बस आधीची घे ना,” केयूर म्हणाला. वाईट मनाने नाही. त्याच्या डोक्यात खरंच तेवढंच आलं.

“आधीची गाडी दुधाची हाय. मी चढले तर एक कॅन खाली उतरवावा लागंल.”

“पण नियम तर सगळ्यांना सारखाच आहे,” उत्कर्षा म्हणाली. तिचा आवाज मात्र वाक्य संपायच्या आधीच संपला.

“नियम सारखाच हाय, ताई. रस्ता सारखा नाय.”

केयूर आपल्या मुकुटाशी चाळा करत होता.

“मी सगळ्यात आधी येतो,” तो शेवटी म्हणाला, “कारण रविवारी घरी थांबलो तर बाबा गाडी धुवायला लावतात. मला वाटायचं, मला शोभतं म्हणून मी राजा.”

“शोभतंही,” निकिता म्हणाली. “मी झोपूनच बघितलंय, पण शोभतं.”

तेव्हा पहिल्यांदा सगळे मोकळं हसले. उत्कर्षाने प्रज्ञेशच्या हातांची सुतळी सोडली. “माझं चुकलं,” ती दोघांनाही म्हणाली. “मला वाटलं, कोणी तक्रार करत नाही म्हणजे सगळं बरं चाललंय.” मग तिथेच सतरंजीवर सगळे बसले. संध्याकाळची गोल बैठक त्या दिवशी भर दुपारी झाली, आणि निकिता बस चुकण्याची भीती न बाळगता त्यात बोलली. भरपूर बोलली. ठरलं असं, की सगळे आल्याशिवाय चिठ्ठ्या काढायच्या नाहीत, त्या घडी घालून ठेवायच्या, आणि खेळाची जागा दर वेळी बदलायची.

आमचे हे स्टेजवर एकटेच उभे होते. मग हळूच खाली उतरले आणि प्रज्ञेशसमोर जाऊन टोपी काढली. “मास्तर, माझं भलतंच चुकलं. येरवड्याचा काही संबंध नव्हता. मी लाजिरवाणं बोललो.”

“चालायचंच, काका,” प्रज्ञेश म्हणाला. “पण मुलांनी असं उत्तर लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं.”

“रीत बरोबर होती,” हे पुटपुटले. “दिशा तरी मी पूर्वच सांगितली होती.” परतताना गाडीत हे एक शब्द बोलले नाहीत. आमच्या संसारात ही घटना नोंद घेण्यासारखी आहे.

पुढच्या महिन्यातला खेळ लोणी काळभोरला, निकिताच्या चुलत्यांच्या चिक्कूच्या बागेत झाला. आम्हालाही बोलावलं होतं, खेळायला. सगळे जमले, फक्त केयूर नव्हता. त्याची गाडी बंद पडली होती आणि तो बसने येत होता. वाट बघत आम्ही चिक्कू खाल्ले, चहा झाला, पुन्हा चिक्कू खाल्ले. बऱ्याच वेळाने तो फाट्यावरून धावत आला, शर्ट घामाने भिजलेला.

“सॉरी, सॉरी! हडपसरला दुसरी बस मिळेचना. मला वाटलं, तुम्ही सुरू केलं असेल.”

“कसं करनार?” निकिता म्हणाली. “तुम्ही नव्हता ना.”

तिने पुढे केलेलं पाणी केयूरने उभ्याउभ्या सगळं प्यायलं.

मग चिठ्ठ्या उचलल्या. प्रज्ञेश कोतवाल झाला. मला ‘प्रजा’ आली. प्रजेने काय करायचं असतं, असं मी विचारलं, तर उत्कर्षा म्हणाली, सगळ्यांच्या नावाने तक्रार करायची. इतकी सोपी भूमिका मला जन्मात मिळाली नव्हती. यांना ‘चोर’ आला. हे दबक्या पावलांनी राजवाड्यात शिरले, चोरलेला हार खिशात टाकला आणि खिसा फाटका असल्यामुळे तो लगेच कोतवालाच्या पायाशी पडला. “मुद्दाम पकडला गेलो,” हात बांधले जाताना हे मला कुजबुजले. “आतून तपास करायचा होता.”

प्रेताची चिठ्ठी केयूरला आली. तो मुकाट्याने चिक्कूखाली आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला.

निकिताला सेनापती आलाच नाही. तिला दवंडीवाली आली. तिने पिशवीतून अंगरखा काढून तरीही चढवला. सेनापतीच्या अंगरख्यात दवंडी द्यायला कोणाची हरकत नव्हती. मग गळ्यात पत्र्याचा डबा अडकवून ती बांधावर चढली, आणि महिनोन्महिने साठवलेला आवाज एकदाचा बाहेर काढला. शेजारच्या शेतातले बगळे उडाले.

“ऐका हो ऐका! कोथरूडचे महाराज मेले हायती! रडायला समद्यांनी यावं! लांबनं येनाऱ्यांनी घाई करू नये, तुम्ही आल्याबिगर रडणं सुरू व्हनार नाय!”